चर्चगेटचे सूर अर्नाळ्यापर्यंत का येत नाहीत?

मुंबईच्या काळा घोडा परिसरात १९९९ पासून कला महोत्सव भरतो. हॉर्निमन सर्कलच्या बागेत, उघड्या आभाळाखाली, तिकीट न लावता अभिजात गायन-वादनही होते. जवळच नरिमन पॉइंटला एनसीपीए आहे. भारतीय सिम्फनी ऑर्केस्ट्रा २००६ साली तिथेच स्थापन झाला. संगीत मोफत आणि उघड्यावर असावे ही कल्पना चांगलीच आहे, तिला विरोध करण्याचे कारण नाही. पण प्रश्न असा आहे की हे सारे पश्चिम रेल्वेच्या पहिल्या एक-दोन स्टेशनांतच का अडकून पडते? चर्चगेटहून सुटलेली लोकल सुमारे साठ किलोमीटर धावून विरारला पोहोचते. तिथून बस किंवा रिक्षाने पुढे गेले की अर्नाळ्याचा किनारा लागतो. लोकल रोज येते, मग संगीत का येत नाही?

या मार्गाचा इतिहासही लक्षात घ्यावा. १८६७ साली या मार्गावरची पहिली लोकल विरारहून मुंबईकडे धावली. तेव्हापासून या टोकाने मुंबईला मासळी दिली, भाजी दिली, फुले दिली, कामगार दिले. पहाटे मालडब्यात पाट्या घेऊन बसणारी कोळीण आणि चेंगराचेंगरीत लोंबकळत जाणारा नालासोपाऱ्याचा कामगार यांच्या घामावर दक्षिण मुंबई उभी आहे. त्यांच्या करातूनच मैदाने, बागा आणि सभागृहे राखली जातात. तरीही शनिवारी रात्री मोफतचा कार्यक्रम ऐकायचा तर शेवटच्या लोकलची वेळ बघून अर्ध्यातून उठावे लागते. प्रवेश मोफत असला म्हणजे दार सर्वांना उघडे असतेच असे नाही. जाण्यायेण्याचा खर्च, बुडालेला रोज आणि तिथे गेल्यावर अंगावर येणाऱ्या नजरा यांचे तिकीट गरिबाला काढावेच लागते.

कोणी म्हणेल, पोटाला मिळत नाही तिथे व्हायोलिन कशाला? हा प्रश्न प्रस्थापितांच्या सोयीचा आहे. आपल्या लोकांनी भाकरीपुरतेच मागावे, सुरांकडे पाहू नये, हा जुनाच न्याय त्यात लपला आहे. बाबासाहेबांनी कामाच्या डोंगराखाली असताना, उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. हे वाद्य आपले की परके, असा विचार त्यांनी केला नाही. ज्ञानाप्रमाणे सूरही कोणाच्या मालकीचे नसतात. आज जगभर हयात रचनाकार नव्या अभिजात रचना करीत आहेत. त्या ऐकण्याचा, आवडल्या नाहीत तर नाकारण्याचा हक्क अर्नाळ्याच्या पोरालाही आहे.

मात्र चळवळीने एक गोष्ट ठणकावून सांगितली पाहिजे. उघड्यावरचे मोफत संगीत ही काही उच्चभ्रूंनी लावलेली शोध नव्हे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशाने वस्त्यावस्त्यांतून समाज जागा केला. वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव गात फिरले. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. आजही ६ डिसेंबरला दादरला उतरून चैत्यभूमीकडे चालत जावे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना जे गाणे चालते त्याला ना तिकीट असते ना प्रायोजक. त्याला कोणी संगीत महोत्सव म्हणत नाही, कारण अभिजात कशाला म्हणायचे हे ठरवणारे त्या गर्दीत नसतात.

मद्रासकडे याचे एक उदाहरण घडले. २०१५ साली गायक टी. एम. कृष्णा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेन्नईच्या उरूर ओलकॉट कुप्पम या मच्छीमार वस्तीत मोफत उत्सव सुरू केला. ज्या कर्नाटक संगीताच्या सभांवर ब्राह्मणांची मक्तेदारी होती, ते संगीत समुद्रकाठी आले. पण ते एकटे आले नाही, त्याच मंचावर पराई हा चर्मवाद्याचा ताफाही वाजला. वस्तीच्या नावातला ओलकॉट म्हणजे तोच, ज्यांच्याबरोबर पंडित अयोथीदास १८९८ साली सिलोनला गेले आणि बौद्ध झाले. पुढे २०२० साली कृष्णा यांनी मृदंग घडवणाऱ्या दलित कारागिरांवर पुस्तक लिहिले, तेव्हा कलाक्षेत्र या नामांकित संस्थेने प्रकाशनासाठी दिलेली जागा परत घेतली. चामडे कमावणारे हात चालतात, त्या हातांचा उल्लेख चालत नाही, हे त्यातून उघड झाले.

म्हणून अर्नाळ्याला संगीत यावे, पण उपकार म्हणून येऊ नये. आमच्या अटी साध्या आहेत. चर्चगेट ते विरार मार्गावर कार्यक्रम ठेवायचे तर विरार, नालासोपारा आणि अर्नाळा ही नावे यादीत आधी असावीत, उरलेल्या पैशात बसवू नयेत. व्हायोलिनच्या शेजारी हलगी, सनई, तारपा आणि कोळीगीत समान मानाने बसावे. वादकांना समान मानधन मिळावे, कारण आमचा कलावंत फुकट वाजवायला जन्मलेला नाही. जातीने लादलेले वाजवणे आपल्या बापजाद्यांनी स्वाभिमानाने सोडले, ते कोणाच्या हौसेसाठी पुन्हा गळ्यात बांधायचे नाही. दिवस आणि वेळ वस्तीने ठरवावी, कारण होड्या केव्हा लागतात हे निमंत्रणपत्रिका छापणाऱ्याला ठाऊक नसते.

या मागणीला आधार शोधायला लांब जायला नको. विरारच्या अलीकडे सोपारा आहे. तिथला स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी उकरला आणि त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तिथे सापडला. या लेखाचा आशय काय? पूर्वीचे राजे मौजेसाठी आणि शिकारीसाठी विहारयात्रा काढीत. सम्राट अशोकाने ती प्रथा मोडून धम्मयात्रा सुरू केली. तो स्वतः खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटायला, त्यांच्याशी बोलायला निघाला. सत्तेने लोकांकडे चालत जावे, ही शिकवण आपल्याच मातीतून निघाली आहे.

त्या स्तूपातले अवशेष आज मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहेत, म्हणजे हॉर्निमन सर्कलच्या त्याच बागेसमोर. सोपाऱ्याचा ठेवा त्या टोकाला जाऊ शकतो, तर त्या टोकाचे सूर या टोकाला यायला काय हरकत आहे? वसई-विरारमधील कार्यकर्त्यांनी, बुद्धविहारांनी आणि मच्छीमार संस्थांनी हे निवेदन महापालिकेकडे, जिल्हा परिषदेकडे आणि सांस्कृतिक खात्याकडे एकत्र नेले पाहिजे. मागितल्याशिवाय या व्यवस्थेने आपल्याला पाणीही दिले नाही, ती सूर आपणहून आणून देईल या भ्रमात कोणी राहू नये.