पुराचे गणित आणि इशाऱ्याची वेळ

२५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी जागी झाली ती घरात शिरलेल्या पाण्याने. त्याच पहाटे डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत आपली हातगाडी पाण्यातून वाचवू पाहणारे तिघे तरुण विजेच्या धक्क्याने मरण पावले. खडकवासल्यातून मुठेत सोडलेले पाणी त्या सकाळी सेकंदाला सुमारे ३५ हजार घनफुटांवर गेले होते. इशारा दिला होता की नव्हता, दिला असल्यास कोणी कोणाला आणि किती वाजता दिला, यावरून पुढे जलसंपदा खाते आणि महानगरपालिका यांच्यात जी जुंपली ती आमच्या वाचकांच्या स्मरणात असेल. त्या वादाचा निवाडा करावयास आम्ही बसलेलो नाही. आम्हांस विचारावयाचे आहे ते इतकेच की, असा वाद उद्भवण्यास जागाच का राहावी?

कारण ज्ञानाची टंचाई ही सबब पुण्याला तरी शोभणारी नाही. शिवाजीनगरला हवामान खात्याची कचेरी आहे, पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे. १९१६ साली सुरू झालेले जल व विद्युत् संशोधन केंद्र खडकवासल्याच्या धरणालगतच उभे आहे. महासंगणकाच्या कामासाठी १९८८ साली निघालेली सी-डॅक संस्था याच शहरातली. एवढेच नव्हे, तर जागतिक बँकेच्या साह्याने झालेल्या जलविज्ञान प्रकल्पात कृष्णा आणि भीमा या दोन खोऱ्यांसाठी पाऊस व नदीची पातळी क्षणोक्षणी टिपणारी आणि त्यावरून पुराचा अंदाज बांधणारी संगणकीय योजना उभारण्यात आली, आणि मुठा ही भीमेच्याच खोऱ्यातली नदी आहे. एवढी शास्त्रसामग्री हाताशी असलेली शहरे देशात फार नाहीत.

ही यंत्रे करतात काय, हे एकदा समजून घेतले पाहिजे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या पर्जन्यमापकाने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरही पाऊस झाला नाही. एकाच मुंबईत एवढे अंतर! ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली जुनी गटारे त्यापुढे टिकणे शक्यच नव्हते. पण कोणत्या वस्तीत केव्हा आणि किती पाणी चढेल हेही त्या दिवशी कोणी सांगू शकले नाही. हा धडा घेऊन २०२० च्या जूनमध्ये मुंबईसाठी ‘आयफ्लोज’ नावाची पूर-इशारा योजना सुरू झाली. चेन्नईने २०१५ च्या महापुरानंतर अशीच योजना त्याआधी उभी केली होती. पावसाचे अंदाज, ठिकठिकाणचे मापक, जमिनीचे चढउतार, नाले व गटारे, समुद्राची भरती ही सर्व सामग्री संगणकाला पुरवावयाची, आणि अमुक भागात अमुक वेळी पाणी किती खोल होईल हे त्याने काही तास ते तीन दिवस आधी सांगावयाचे, अशी तिची रचना आहे. तिच्या सात अंगांपैकी एकाचे नाव ‘निर्णयसाह्य’ असे आहे.

या ‘साह्य’ शब्दाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. संगणक हुकूम सोडत नाही. तो शक्यता सांगतो. पाणी गुडघ्याएवढे येईल की छातीएवढे, याचाही तो बहुधा अंदाजच देतो. मध्यरात्री दोन वाजता तो अंदाज ज्या अधिकाऱ्याच्या पुढ्यात येतो त्याची अवस्था आपण ध्यानात घेत नाही. लोकांना उठवून शाळेत नेले आणि पाणी आलेच नाही, तर सकाळी त्याचे हसे होणार. न उठवावे आणि पाणी आले, तर चौकशी होणार. अशा पेचात सापडलेला माणूस वरिष्ठांना दूरध्वनी करतो, वरिष्ठ आणखी वरिष्ठांना करतात, आणि तेवढ्यात पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीवर येते. यावर उपाय एकच: किती पावसाला, नदीच्या कोणत्या पातळीला आणि धरणाच्या किती विसर्गाला कोणती वस्ती हलवावयाची हे उन्हाळ्यातच ठरवून ठेवावे, आणि ती मर्यादा ओलांडताच हुकूम सोडण्याचा अधिकार एका नियुक्त अधिकाऱ्याकडे असावा. दहा वेळा हलविल्यावर चार वेळा पाणी आले नाही, तर नागरिकांनीही ते सोसले पाहिजे. आम्ही वर्तमानपत्रवाल्यांनीही अशा वेळी ‘फजिती’चे मथळे देण्याचा मोह आवरावा हे बरे.

पुण्याचा प्रश्न मुंबईहून निराळा आहे. येथे समुद्राची भरती नाही, धरणे आहेत. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चारींत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावते. त्यांपैकी शहराला सर्वांत जवळच्या खडकवासल्यात जेमतेम दोन. वरची धरणे भरू लागली की हे लहानसे भांडे बघता बघता भरते आणि दरवाजे उघडावेच लागतात. आधीपासून थोडेथोडे पाणी सोडावे, असे सांगणे सोपे आहे. परंतु याच पाण्यावर शहराची तहान आणि दौंड-इंदापूरची शेती अवलंबून असते. जुलैत सोडून दिलेले पाणी ऑगस्ट कोरडा गेला तर परत मिळत नाही. म्हणून धरणाच्या अभियंत्याचा हात आखडता राहतो, आणि त्यात त्याचा दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. पावसाचा भरवशाचा अंदाज हाती असेल तरच तो हात मोकळा होईल. त्यातच धरणाखालच्या मुक्त पाणलोटातला पाऊस थेट नदीत येतो, आणि तो कोणत्याही दरवाजाने अडत नाही. ही दोन्ही पाणी एकाच पटावर मांडून पाहणारी एकच खोली हवी, आणि तीत जलसंपदेचा व पालिकेचा माणूस शेजारी शेजारी बसलेला हवा.

१२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेत फुटले. त्याआधी जवानांनी वाळूची पोती रचून बांध काही तास तगविला होता, आणि त्या तासांचे मोल नदीकाठच्या पेठांना मिळावे तसे मिळाले नाही. पाणी कोठवर चढेल हे त्यांना नेमकेपणाने सांगणारे कोणी नव्हते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तर धरणाचा संबंधच नव्हता. कात्रजकडून येणारा आंबिल ओढा ढगफुटीसारख्या पावसाने उसळला आणि शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. ओढ्याच्या पुराला तासांचीही मुदत नसते. तेथे ओढ्यातच पातळीमापक बसवून खालच्या वस्तीत भोंगा वाजविणे, एवढीच साधी व्यवस्था उपयोगी पडेल.

इशाऱ्याइतकेच महत्त्वाचे या गणिताचे दुसरे काम नगररचनेचे आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, या दोन रेषांवर नदीकाठच्या बांधकामाचा सारा कायदा उभा आहे. पात्रात भराव टाकला, काठ बांधून काढले, एखादा ओढा नळात घातला, तर पाणी कोठे किती वाढेल हे संगणक परवानगीपूर्वीच दाखवू शकतो. नदीकाठ सुधारणेसारख्या कामाच्या बाबतीत तर हे गणित सर्वांसमोर असणे अगत्याचे आहे. पूरनकाशा जाहीर केल्यास घरांच्या किमती पडतील, अशी कुजबूज ऐकू येते. पडतीलही. पण आयुष्याची पुंजी घालून तळमजल्यावर घर घेणाऱ्या शिक्षकाला किंवा कारकुनाला ही माहिती खरेदीखतानंतर कळावी, हा कोणता न्याय?

केंद्र सरकारने सात महानगरांच्या पूरनियंत्रणासाठी सुमारे अडीच हजार कोटींचा कार्यक्रम २०२३ साली जाहीर केला, आणि त्या सातांत पुण्याचे नाव आहे. त्या पैशातून मापके येतील, पडदे येतील, वातानुकूलित नियंत्रण-कक्ष येतील. आमची मागणी त्याहून स्वस्त आहे. वस्तीवार पूरनकाशा, आणि कोणत्या पातळीला कोणता अधिकारी कोणती वस्ती हलविणार याचा लेखी तक्ता, हे दोन कागद पालिकेने व जलसंपदा खात्याने संयुक्त सहीने प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावावेत. यंत्रसामग्रीच्या निविदा त्यानंतर काढाव्यात.