संधिवात असलेल्या गर्भवतींच्या बाळंतपणाबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्य चिकित्सा व आरोग्य अधिकारी,
जिल्हा दुर्ग, छत्तीसगड

महोदय,

मोहन नगर, भिलाई येथील आम्ही मराठी कुटुंबांतील महिला हे निवेदन सादर करीत आहोत. हिंदी प्रत सोबत आहे.

संधिवाताने सांधे सुजलेल्या बायका घरीच बाळंत होण्याचा विचार करतात, याला केवळ अडाणीपणा म्हणून सोडून देऊ नये. टेबलावर उताणे झोपवून पाय पट्ट्यांत अडकवले की ताठरलेले खुबे असह्य दुखतात. कुशीवर वळू द्या म्हटले, तर ‘नाटकं करू नका’ हे उत्तर आमच्यातल्या काहींनी ऐकले आहे. केंद्राच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सोबतीण आणि सोयीची स्थिती, दोन्ही मान्य आहेत. जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी प्रसूतिगृहात त्याची अंमलबजावणी व्हावी, ही आमची पहिली मागणी. ती पुरी झाली, तर घरी राहण्याचा हट्ट बराचसा आपोआप सुटेल.

दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या किंवा मानेच्या मणक्यांचा आजार असलेल्या बाईने घरी बाळंत होऊ नये, हे आम्हीच आमच्या सुनांना सांगतो. पण हे ठरवायचे कोणी आणि कधी? संधिवाताच्या औषधांपैकी मेथोट्रेक्सेट गर्भ राहण्याआधीच थांबवावे लागते, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सहसा चालू ठेवता येते; नववा महिना लागल्यावर चौकशी करून काय उपयोग? म्हणून दर महिन्याच्या ९ तारखेच्या सुरक्षित मातृत्व तपासणीत अशा बाईची नोंद वेगळी व्हावी. संधिवाताच्या आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांचे मत घेऊन सातव्या महिन्यापर्यंत प्रसूतीची योजना तिच्या माता-बाल कार्डावर लिहून मिळावी. एवढे करूनही कोणी घरीच राहिली, तर तिला वाऱ्यावर सोडू नये: प्रशिक्षित परिचारिका यावी, १०२ महतारी एक्सप्रेसला पत्ता आधीच कळवलेला असावा.

आणखी एक. गरोदरपणात हा आजार पुष्कळ जणींत शांत होतो, त्यामुळे तपासणीत सारे ठीक दिसते. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत तो उसळतो आणि मनगटाने बाळ उचलवत नाही. मितानिन ४२ दिवसांपर्यंत घरी येतेच. तिने बाळाच्या वजनाबरोबर आईच्या सांध्यांचीही चौकशी करावी, सूज दिसली तर लगेच डॉक्टरांकडे पाठवावे.

येत्या ९ तारखेच्या तपासणीपूर्वी लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपल्या विश्वासू,
मोहन नगर, भिलाई येथील महिला