मोटरसायकलवरचा चे आणि विसरलेली हिल्डा

चे गव्हेराच्या तरुणपणीच्या प्रवासाबद्दल चळवळीतली मुलं भारावून बोलतात. त्या प्रवासाचं मोल मलाही वाटतं, पण ती गोष्ट आपण अर्धीच सांगतो.

जानेवारी १९५२ मध्ये डॉक्टरकी शिकणारा तेवीस वर्षांचा चे मित्र आल्बेर्तो ग्रानादोबरोबर अर्जेंटिनातून निघाला. चिलीत मोटरसायकल मोडली, आणि पायी हिंडताना माणसं जवळून दिसू लागली. वाल्पाराइसोत दम्याने खंगलेल्या एका वृद्ध मोलकरणीला त्याने तपासलं. तिचं खरं दुखणं गरिबी आहे, हे त्याला उमगलं. चुकिकमाताच्या तांब्याच्या खाणीकडे जाताना एक कम्युनिस्ट कामगार जोडपं थंडीत पांघरुणाविना कुडकुडताना भेटलं. पेरूत सान पाब्लोच्या कुष्ठरुग्णांमध्ये तो राहिला.

पण नुसतं पाहून राजकीय समज येत नाही. १९५३ च्या अखेरीस ग्वातेमालात त्याला हिल्डा गादेआ भेटली. ती पेरूची अर्थतज्ज्ञ आणि डाव्या पक्षाची कार्यकर्ती. तीही परदेशात आली होती, पण हौसेने नव्हे. १९४८ च्या लष्करी उठावानंतर तिला देश सोडावा लागला होता. तिने त्याच्याशी वाद घातले, पुस्तकं दिली, क्युबाच्या निर्वासितांशी गाठ घालून दिली. १९५४ मध्ये अमेरिकेच्या मदतीने तिथलं लोकनियुक्त सरकार उलथलं गेलं, तेही त्याने पाहिलं. १९५५ मध्ये दोघांचं लग्न झालं. नोव्हेंबर १९५६ मध्ये तो बोटीने क्युबाकडे निघाला, तेव्हा त्यांची मुलगी नऊ महिन्यांची होती. मूल कुणी सांभाळायचं, हा प्रश्न त्याला अडवू शकला नाही.

प्रवासाने माणूस निर्दोष होतो असंही नाही. १९५९ मध्ये हवानातल्या ला काबान्या किल्ल्यावर याच चेने मृत्युदंड कायम केले.

तरी प्रवास हवाच, आणि तो मुलींना हवा. मला एम.एस.डब्ल्यू.च्या फील्डवर्कमुळे गावोगाव हिंडायला मिळालं. ते सक्तीचं होतं म्हणून घरचे गप्प बसले. आज मी ज्या वस्तीत काम करते तिथल्या मुलींना एका रात्रीच्या शिबिरालाही परवानगी मिळत नाही. भाऊ मात्र मित्रांबरोबर आठ दिवस जाऊन येतो.

मैत्रिणींनो, 'बाया नेतृत्वात का दिसत नाहीत' असं विचारणाऱ्यांना आपण उलट विचारायला हवं : तुमच्या घरातली मुलगी एकटी कुठवर जाऊन आली आहे?