दाढ आणि भीमरूपी

अक्कलदाढ काढायची या धास्तीने रात्रभर डोळा लागला नाही. पहाटे जांब समर्थच्या राममंदिरात जाऊन बसलो. याच गावात 1608 साली रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांचा नारायण जन्मला, तेच पुढे समर्थ रामदास. मनाला समजावणारे 205 श्लोक त्यांचेच, लहानपणी आजीने दिवेलागणीला पाठ करून घेतलेलं मारुतीचं भीमरूपी स्तोत्रही त्यांचंच. जालन्याला दवाखान्याच्या खुर्चीत डोक्यावर दिवा आला, हिरडीत भुलीची सुई शिरली आणि मुठी घट्ट वळल्या. मनातल्या मनात भीमरूपी सुरू केलं. ओठ, जीभ बधिर झाली, स्तोत्र मात्र चालूच राहिलं. दुसऱ्या आवर्तनाला मुठी सुटल्या. दाढदुखी अंगावर काढू नका. मारुतीचं नाव घ्या आणि डॉक्टरांकडे जा.