टाकीपाशीच पाणी गाळा!

‘वीजबिल थकले आहे, आज रात्री वीज तोडली जाईल’ असा एसएमएस तुमच्याही घरी आला असेल. त्यातल्या लिंकवर जाऊन कोणी बँकेची माहिती भरली आणि पैसे गेले, की सारे त्यालाच विचारतात, “एवढे कसे कळले नाही?” पण ते कळणे शक्य होते का?

एसएमएस पाठवणाऱ्याचे नाव म्हणजे संदेशाला चिकटवलेली जास्तीत जास्त ११ अक्षरांची एक चिठ्ठी. ती खरी की खोटी, हे फोनला तपासता येत नाही. एका नावाचे सर्व संदेश तो एकाखाली एक मांडतो. म्हणून चोराने बँकेचे नाव लावले, तर त्याचा संदेश बँकेच्या खऱ्या संदेशांच्या रांगेत जाऊन बसतो. २०२१ च्या डिसेंबरच्या सुमारास सिंगापूरमध्ये असेच झाले. ओसीबीसी बँकेच्या सुमारे ७९० खातेदारांचे १ कोटी ३७ लाख सिंगापूर डॉलर गेले.

परंतु एसएमएस फोनवर येण्यापूर्वी दूरसंचार कंपनीच्या संदेश-केंद्रातून जातो. तो कोणत्या वाटेने आला, तोच मजकूर किती हजार लोकांना चालला आहे, हे तेथे कळू शकते. तुमच्या आजोबांना नाही. गावाचे पाणी टाकीपाशी शुद्ध करतात. ‘ज्याने त्याने उकळून प्यावे’ असे म्हणून नगरपालिकेला सुटता येत नाही. मग दूरसंचार कंपनीला तरी का सुटता यावे?

कंपन्या म्हणतील, “आम्ही पोस्टमन. लोकांची पत्रे कशी वाचावीत?” शंका रास्त आहे. पण पाठवणाऱ्याची नोंद तपासणे म्हणजे पत्र फोडणे नव्हे. लिंक फसव्या पत्त्यांच्या यादीत आहे का, हेही यंत्रच ताडून पाहते. माणसाने मजकूर वाचण्याची गरज नसते.

सिंगापूरने १६ डिसेंबर २०२४ पासून बनावट संकेतस्थळांद्वारे होणाऱ्या फसवणुकीसाठी नियम लागू केला. ठरवून दिलेल्या कर्तव्यात बँक चुकली, तर नुकसान बँकेने भरायचे. बँक चुकली नाही पण दूरसंचार कंपनी चुकली, तर कंपनीने. दोघेही चुकले नसतील, तर मात्र नुकसान ग्राहकाचेच. म्हणजे कंपनीच्या हाती जेवढे आहे, तेवढ्याचाच जाब तिला विचारला जातो.

आपल्याकडे २०१८ च्या ट्रायच्या नियमांनुसार व्यापारी संदेशांचे नाव आणि मजकुराचा नमुना आधी नोंदवावा लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून अशा संदेशांतील लिंकही नोंदवाव्या लागतात. कंपन्यांना दंडाचीही तरतूद आहे. पण त्या दंडाने फसलेल्या माणसाचे पैसे परत येत नाहीत. ही उणीव दूर झाली पाहिजे. भुर्दंड आपल्याला बसणार हे कळले, की चाळणी आपोआप बारीक होते.

तोवर फसवणूक झाल्यास लगेच १९३० वर फोन करा आणि नको असलेल्या व्यापारी संदेशांची तक्रार १९०९ वर नोंदवा. आणि घरात कोणी फसले, तर त्याला हसू नका. विचारा: हा संदेश येथवर येऊ कोणी दिला?