घड्याळ बंद पडलं म्हणून घर पाडायचं?

लॅबमधल्या एखाद्या जुन्या ४८६ किंवा पेंटियमवर 'डेड' अशी चिठ्ठी दिसली की माझा पहिला प्रश्न असतो, नक्की काय डेड आहे? हार्ड डिस्क? मदरबोर्ड? पुष्कळ वेळा गेलेली असते ती फक्त घड्याळाच्या चिपमधली बॅटरी!

१९८४ च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही चिप होती. आत ६४ बाइट. १४ वेळ आणि कंट्रोलसाठी, उरलेल्या ५० मध्ये मशीनची सेटिंग्ज. मग डॅलस सेमीकंडक्टरने डीएस१२८७ आणि डीएस१२८८७ काढल्या. चिप, क्रिस्टल आणि लिथियम सेल, तिन्ही एकाच काळ्या इपॉक्सीच्या ठोकळ्यात. क्रिस्टल ३२,७६८ हर्ट्झचा, म्हणजे दोनचा पंधरावा घात. पंधरा वेळा दोनने भागलं की बरोबर एक सेकंद. किती सुंदर! (कॉन्व्हेंटवाला असल्यामुळे ऑसिलेटरला मराठी शब्द शोधत बसलो नाही, सांभाळून घ्या.)

गोची अशी, की सेलचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरलेलं आणि तो बदलायची सोयच नाही. सेल संपला की तारीख तर जातेच, पण हार्ड डिस्कचे सिलिंडर, हेड, सेक्टर हे आकडेही पुसले जातात. मशीनला डिस्क सापडत नाही आणि आपण म्हणतो, "गेला!"

निदान सोपं आहे. वेळ सेट करा. मशीन चालू असताना घड्याळ पुढे सरकतं, पण पॉवर काढल्यावर विसरतं? मग संशय सेलवर. चालू असतानाही सरकतच नाही? मग ऑसिलेटर किंवा चिपच बघा. खात्री करायची तर डॉसच्या डीबगमध्ये पोर्ट ७० वर ०डी लिहा आणि पोर्ट ७१ वाचा. ८० आलं तर सेल ठीक, ०० आलं तर संपला. चिप स्वतःच सांगते, आपण विचारत नाही एवढंच!

उपाय दोन. जोगेश्वरीहून स्लो लोकल पकडा, ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोडवर चिप शोधा. फक्त वरचा डेट कोड वाचा. ९७३५ म्हणजे १९९७ चा ३५ वा आठवडा. तसली घेऊन काय उपयोग? दुसरा उपाय, कानशीने इपॉक्सी हळूहळू घासून १६ (निगेटिव्ह) आणि २० (पॉझिटिव्ह) नंबरच्या पिना उघड्या करायच्या, आतल्या सेलचं कनेक्शन तोडायचं आणि बाहेरून सीआर२०३२ चा होल्डर सोल्डर करायचा. तोंडावर मास्क हवाच. आतलं कनेक्शन न तोडता नवा सेल लावू नका, नाहीतर मेलेला सेल नव्यालाही खाईल.

काही जण म्हणतील, एवढी खटपट कशाला, नवीन पीसी घ्या की! मान्य, प्रत्येक मशीन वाचवण्यासारखं नसतं. पण ज्याच्या आयएसए स्लॉटमध्ये प्रयोगाचं कार्ड बसवलंय, ते कार्ड नव्या पीसीत बसणार कुठे? आणि २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या संस्थांना असा माल वाटेल त्या भंगारवाल्याला देताच येत नाही.

आपल्या ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात पाय मोडलेलं कपाट कोणी जाळत नाही. पाय बसवतात, पॉलिश मारतात, विकतात. आपण चार वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकून मात्र थेट भंगाराची यादी करतो. मला याची लाज वाटते.

बदलता न येणारी बॅटरी ही काही जुनी गोष्ट नाही. तुमच्या खिशातला मोबाइल काढून बघा. युरोपने २०२३ मध्ये कायदा केला की फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांमधल्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला काढता आल्या पाहिजेत. उद्या अशी उपकरणं डिझाइन करणारे आपणच असू.

म्हणून सर आणि मॅडमना एकच विनंती. भंगाराच्या यादीवर सही करण्याआधी ते मशीन एक आठवडा आम्हा मुलांकडे द्या. सोबत एक मल्टिमीटर आणि एक सोल्डरिंग गन. जमलं तर मशीन वाचेल, नाही जमलं तरी आम्ही इंजिनीअर होऊ!