घोंगडीखालची पूड

सोमवारी संग्रहालय बंद असतं. झाडलोटीला येणाऱ्या मावशींनी अशाच एका सोमवारी मला हाक मारली. "ताई, या घोंगडीखाली रोज तीच माती पडते. आज पुसली की परवा पुन्हा."

मी भिंग आणि पांढरा कागद घेऊन खाली बसले. ती माती नव्हतीच. वाळूच्या कणांसारखी विष्ठा होती, तुटलेल्या लोकरीचा भुगा होता आणि त्यात गव्हाच्या दाण्याहूनही लहान अशा पोकळ, केसाळ काती होत्या. घोंगडी उलटी केली तर भिंतीकडच्या बाजूला, जिथे ना उजेड जातो ना पाहुण्याची नजर, तिथे बोट जाईल एवढी भोकं पडलेली.

ती माणदेशातल्या एका धनगर कुटुंबाने दिलेली. दख्खनी मेंढीची लोकर, वर चिंचोक्याची खळ. लोकर खाणारा किडा वेगळा, खळीवर जगणारी कसर वेगळी, आणि या एका वस्त्रात दोघांनाही जेवण वाढलेलं. आमच्याकडची भोकं पहिल्याने पाडली होती. त्याचा एक भाऊबंद लोकांच्या घरी गालिच्यात राहतो. दुसऱ्या भाऊबंदाच्या शास्त्रीय नावातच 'म्युझियम' आहे; लिनियसने १७६१ साली ते दिलं. संग्रहालयांचं हे दुखणं इतकं जुनं आहे.

मग मी खिडक्या पाहत गेले. दोन खिडक्यांच्या कट्ट्यांवर दोन-तीन मिलिमीटरचे गोल, ठिपक्याठिपक्यांचे भुंगे मरून पडले होते. हे प्रौढ किडे लोकर खात नाहीत. ते उजेडाकडे धावतात, बाहेर जाऊन फुलांचे पराग खातात. नासधूस करते ती अळी, आणि ती अंधारात, घडीत, शिवणीत बसलेली असते. म्हणजे खिडकीत मेलेला भुंगा हा आतल्या अळीचा निरोप असतो. तो झाडून टाकण्याआधी कुठल्या खिडकीत, किती आणि कधी सापडले, हे लिहून ठेवायला हवं. आम्ही इतकी वर्षं ते केरात टाकत होतो.

मूळ सापडायला आणखी चार दिवस गेले. झरोक्याच्या जाळीमागे कबुतरांचं जुनं घरटं होतं. पिसं, एक वाळलेलं पिल्लू, आणि त्यात वळवळणाऱ्या तशाच केसाळ अळ्या. तिथून घोंगडी हाताच्या अंतरावर.

आता मला जे म्हणायचं आहे ते. दर मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, पेस्ट कंट्रोलवाला पंप पाठीला लावून सगळ्या दालनांतून फिरतो. बिल पास होतं, प्रमाणपत्र फाइलला लागतं. त्या फवाऱ्याचा एक थेंबही घोंगडीच्या मागच्या अळीपर्यंत पोहोचला नव्हता. एका वर्षी मात्र काही थेंब मोडी कागदांवर पोहोचले. काजळीची शाई पाण्याने फुटते. दीड ओळ कायमची गेली, आणि त्या दीड ओळीत काय होतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. वस्तूवर औषध मारणं बंद झालं पाहिजे. माझं हे मत त्या दिवसापासून पक्कं आहे.

उपाय महागडे नाहीत. घोंगडी आम्ही प्लॅस्टिकमध्ये हवाबंद गुंडाळली आणि आइस्क्रीमवाल्याकडून घेतलेल्या जुन्या डीप फ्रीजरमध्ये उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवली. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस गुंडाळी सोडली नाही, नाहीतर हवेतलं दव लोकरीवर बसतं. अंडी, अळी, कोष, सगळं मेलं. लाकडावरचं चित्र किंवा हस्तिदंत असं गोठवता येत नाही, तिथे ऑक्सिजन काढून घेण्याची पद्धत वापरतात. ती जाणकारांनीच करावी. घरटं काढलं, जाळी बदलली. कोपऱ्याकोपऱ्यात चिकट सापळे ठेवले. भेट म्हणून आलेली वस्तू आता आधी महिनाभर वेगळ्या खोलीत राहते, मग आत येते. उद्घाटनाचे पुष्पगुच्छ दालनाबाहेरच ठेवतो.

आपल्याकडे पोथ्यांच्या बासनात वेखंड, कडुनिंबाचा पाला घालायची रीत होती. मला वाटतं, त्या पाल्याइतकंच काम बासन सोडण्याने होत असणार. दसऱ्याला पोथ्या बाहेर यायच्या, पानं उलटली जायची, कुणाची तरी नजर फिरायची.

ती नजर आज आमच्याकडे मावशींची आहे. त्यांना मी सापळ्यातले किडे ओळखायला शिकवलं, आणि त्या माझ्यापेक्षा लवकर तयार झाल्या. झुरळाचं पिल्लू कुठलं, कसर कुठली, लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याचा भुसा कसा पिठासारखा पडतो, हे त्या दारातून सांगतात. पण त्यांची नेमणूक ठेकेदाराकडून, अकरा महिन्यांची. करार संपला की नवी बाई येते, आणि खिडकीतले भुंगे पुन्हा केरात जातात. तांत्रिक सहायकाचं पद मी आल्यापासून रिकामं आहे. नव्या दिव्यांसाठी आणि मोठ्या पडद्यांसाठी निधी मंजूर होतो. आत जे दाखवायचं आहे ते रोज पाहणाऱ्या माणसासाठी होत नाही. मंजूर करणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे, की दालनाच्या नूतनीकरणाच्या प्रत्येक प्रस्तावात एका कायम माणसाचा पगार आणि सापळ्यांचा खर्च धरा, आणि ते माणूस नेमताना झाडू हातात असणाऱ्याला आधी विचारा.

आमच्या नोंदवहीत आता मावशींचं अक्षर आहे. गेल्या सोमवारची नोंद: 'उत्तरेची खिडकी, भुंगे २. घोंगडीखाली काही नाही. झरोक्यात कबुतराने परत काड्या आणल्या, काढल्या.' त्यांचा करार पुढच्या महिन्यात संपतो.